जुना गेम उघडतो, म्हणजे नक्की काय उघडतं?

मे महिन्यात मामाकडे पवनानगरला गेले होते. कामशेतहून आत वळणारा तो रस्ता शनिवार-रविवारी आता पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला असतो. धरणाच्या काठाने तंबू लागलेत आणि माझा मामेभाऊही त्याच धंद्यात आहे. गिऱ्हाइकांच्या शेगड्या पेटवून देऊन दादा रात्री घरी आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "तू कॉम्प्युटरचं शिकलीस ना? माळ्यावरचा सीपीयू बघ जरा. त्यात आपली टीम आहे."

ही 'आपली टीम' म्हणजे काय ते आधी सांगते. २००८ साली मामाने घरात कॉम्प्युटर आणला तो दादाच्या एमएस-सीआयटीसाठी. असेम्बल केलेला, विंडोज एक्सपीवाला. कोर्स काही महिन्यांत संपला आणि मागे उरला गेम. मार्करने 'क्रिकेट ०७' असं लिहिलेली एक सीडी कुणीतरी कॉपी करून दिली होती. ईए स्पोर्ट्सचा हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आला. त्यात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या संघांचा अधिकृत परवाना होता, भारताचा नव्हता. त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं खरी नव्हती. पण नावं बदलायची सोय गेममध्येच होती. घरोघरच्या पोरांनी ती दुरुस्त करून तिथे सचिन आणि द्रविड आणले. दादाने ती खोडून गावातल्या टेनिस बॉलच्या टीममधली पोरं बसवली. मग लॉर्ड्सच्या मैदानावर पवनाकाठची अकरा पोरं ऑस्ट्रेलियाला ठोकून काढायची, ते लोडशेडिंगची वेळ होईपर्यंत.

त्या टीमचा विकेटकीपर २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेला. दादाला सीपीयू त्यासाठी हवा होता. तसं तो बोलला नाही. "उघडतंय का बघ," एवढंच म्हणाला.

उघडेल, असं मी सहज बोलून गेले. पुढचे तीन आठवडे जे झालं त्यातून मला एक प्रश्न पडला, आणि हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. आपण 'जुना गेम चालू झाला' असं म्हणतो, तेव्हा नक्की काय चालू झालेलं असतं?

*

आधी काय झालं ते सांगते. सीपीयूचा पॉवर सप्लाय मेलेला होता. आतली हार्ड डिस्क काढून अडॅप्टरने माझ्या लॅपटॉपला जोडली, तर ती घरघर करत सुरू झाली. माय डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये गेमची सेव्ह फाइल होती. ती तासाभरात माझ्याकडे कॉपी झाली. म्हणजे टीम 'सापडली' होती.

पण फाइल सापडणं आणि टीम दिसणं यांत फरक आहे. सीडीवर इतके ओरखडे होते की ती वाचली जाईना, आणि माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हही नाही. हार्ड डिस्कवरचं गेमचं फोल्डर जसंच्या तसं उचललं, तर विंडोज ११ वर पडदा काळा झाला आणि गेम बंद पडला. कम्पॅटिबिलिटी मोड लावून पाहिला, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं. काही नाही.

मग जे सगळे करतात ते मी केलं. चाहत्यांनी तयार केलेली, पॅच मारलेली आवृत्ती उतरवून घेतली. ती पहिल्या फटक्यात उघडली. चित्र नव्या स्क्रीनवर नीट बसलं होतं. जर्सी आजच्या होत्या, चेहरे आजचे होते. आयपीएलचे संघ होते, आणि आयपीएल तर २००८ साली सुरू झाली, मूळ गेमनंतर! मी दादाची फाइल आत टाकली. ती उघडेना. या आवृत्तीत खेळाडूंची यादीच नव्याने लिहिलेली होती आणि आमच्या पोरांना बसायला तिच्यात जागा उरली नव्हती.

इथे मी पहिल्यांदा थबकले. गेम चालू होता. क्रिकेट ०७ हेच नाव, तीच इंजिनाची चाल, बॅट लागल्यावरचा तोच आवाज. तरी आम्हाला हवा होता तो गेम हा नव्हता.

*

हे समजून घ्यायला मला मराठी नाटकाची मदत झाली. नाटकात आपण तीन गोष्टी सहज वेगळ्या करतो: संहिता, रंगमंच आणि प्रयोग. संहिता लिहिलेली असते. रंगमंच कुणाचा तरी असतो, त्याचं भाडं असतं, नियम असतात. आणि प्रयोग त्या रात्रीपुरता असतो.

गेममध्ये हेच तीन थर आहेत. लिहिलेला कोड आणि चित्र-आवाजाच्या फाइली ही संहिता. ऑपरेटिंग सिस्टिम हा रंगमंच. आणि आपण जे खेळतो, हरतो, सेव्ह करतो, तो प्रयोग. गेम जपायचा म्हणजे यातला कोणता थर जपायचा, हे आधी ठरवायला हवं. बहुतेक वाद हे न ठरवल्यामुळे होतात.

रंगमंचापासून सुरुवात करू. जुने गेम का बंद पडतात, याचं उत्तर सहसा 'जुने झाले म्हणून' असं दिलं जातं. ते चूक आहे. कोड कुजत नाही. १९८९ साली लिहिलेल्या ओळी आजही अक्षरशः त्याच असतात. बदलतं ते खालचं स्टेज. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही, त्यामुळे विंडोज ३.१ च्या काळातले खेळ तिथे थेट उघडत नाहीत. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ आणलं आणि आयफोनवरची सगळी ३२-बिट ॲप्स एका अपडेटमध्ये बंद झाली. दोन वर्षांनी मॅकवर तेच झालं. फ्लॅश २०२० च्या ३१ डिसेंबरला संपलं, आणि त्याबरोबर शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिक्षकांची पाठ वळल्यावर आपण जे जे खेळलो ते सगळं ब्राउझरमधून गेलं.

यात कुणी खलनायक आहे असं नाही. बऱ्याचदा कारण रास्त असतं. २००० च्या दशकातल्या अनेक गेमच्या सीडींवर 'सेफडिस्क' नावाचं कॉपी रोखणारं कुलूप होतं. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात काम करायचा आणि त्यात सुरक्षेचं भोक होतं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हर घेतलाच नाही. निर्णय बरोबर होता. पण परिणाम बघा. ज्याने पूर्ण पैसे देऊन अशी कुलूपबंद सीडी घेतली, त्याची सीडी चालत नाही. ज्याने कुलूप तोडलेली प्रत घेतली, त्याची चालते. चोराची प्रत टिकली आणि सावाची गेली. आमची सीडी कॉपी केलेली होती हे मी लपवत नाही. पण प्रामाणिक गिऱ्हाइकाला कपाटात ठेवायला एक चकती उरावी, ही व्यवस्था मला पटत नाही.

रंगमंचवाल्यांनी मनावर घेतलं तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. 'सिमसिटी' या गेममध्ये एक चूक होती: परत केलेली मेमरी तो पुन्हा वाचायचा. जुन्या डॉसवर ते खपून जायचं. विंडोज ९५ वर मात्र गेम कोलमडायचा. तेव्हा विंडोजच्या प्रोग्रॅमर्सनी विंडोजमध्येच खास सोय केली: सिमसिटी चालू आहे असं दिसलं की मेमरी लगेच परत घ्यायची नाही. एका गेमच्या चुकीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम वाकली! कारण साधं होतं. घरातला आवडता गेम चालला नाही, तर लोक नवीन विंडोज घेणार नाहीत.

याच्या उलट गोष्ट एक्सपीमधल्या पिनबॉलची. 'स्पेस कॅडेट' आठवत असेल, एमएस-सीआयटीच्या वर्गात सर बाहेर गेले की सगळ्या स्क्रीनवर तोच असायचा. ६४-बिट विंडोजसाठी तो बदलताना चेंडू भिंतींतून आरपार जायला लागला. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी नंतर लिहिलं की दुसऱ्यांनी लिहिलेला तो जुना कोड उलगडेना, म्हणून गेम काढून टाकला. पुढच्या व्हिस्टात पिनबॉल नव्हता. कित्येक वर्षांनी एका चाहत्याने तो गेम उलट्या बाजूने उलगडून पुन्हा कोड लिहिला आणि आज तो नव्या मशिनवर चालतो. कंपनीला जे वेळेअभावी जमलं नाही, ते एका माणसाने प्रेमापोटी केलं.

*

आता संहितेकडे येऊ. इथे माझं चाहत्यांशी भांडण आहे, आणि ते आपल्याच माणसांशी असावं तसं आहे.

क्रिकेट ०७ नंतर ईएने क्रिकेटचा असा गेम काढला नाही आणि हा गेमही कुठल्या ऑनलाइन दुकानात अधिकृत विकत मिळत नाही. तरी तो भारतात इतकी वर्षं खेळला जातो याचं संपूर्ण श्रेय पॅच बनवणाऱ्यांना आहे. पगाराशिवाय, नावाशिवाय, कॉलेजचा अभ्यास सांभाळून त्यांनी दर मोसमाला संघ बदलले. त्यांच्याशिवाय हा गेम कधीच संपला असता.

पण त्यांनी जपलं ते काय? 'संगीत सौभद्र' १८८२ चं. पूर्वी रात्रभर रंगणारं ते नाटक आज तीन तासांत बसवतात. पदं कमी होतात, प्रवेश गाळले जातात. त्याला कुणी विनाश म्हणत नाही, कारण किर्लोस्करांची संहिता छापलेली आहे, ग्रंथालयात आहे. उद्या कुणाला पूर्ण नाटक करायचं असेल तर पुस्तक उघडता येतं. रंगावृत्ती मूळ संहितेच्या शेजारी उभी राहते. पॅच तसा नसतो. तो मूळ फाइलीवर बसतो. जुनी यादी पुसून नवी लिहितो. २००६ चा गेम आणि त्याची आजची रंगावृत्ती एकाच फोल्डरमध्ये राहू शकत नाहीत. एक आली की दुसरी गेली.

तुम्ही म्हणाल, २००६ च्या जर्सीत असं काय आहे? मला विचाराल तर बरंच आहे. मूळ गेम ही एक साक्ष आहे. क्रिकेटचं केंद्र ॲशेस मालिका आहे, असं मानणाऱ्या जगात तो बनला. २००५ च्या ॲशेसमधले प्रसंग पुन्हा खेळण्याची त्यात खास सोय होती, आणि भारताला मात्र खरी नावंसुद्धा नव्हती. रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचं समालोचन होतं. दादाने बसवलेल्या पोरांची नावं ते अर्थातच कधी घेत नसत. बॅट्समन शतक ठोकायचा आणि बेनॉ त्याचं कौतुक नाव न घेता करायचे. आज पॅच मारलेल्या गेममध्ये आयपीएलचे झगमगीत संघ आहेत, आणि ते बघून कुणाला वाटेल की हे असंच होतं. सत्तेचं केंद्र लंडनहून मुंबईला सरकण्याआधीचं क्रिकेट कसं दिसायचं, ते मूळ गेममध्ये आहे. पॅचमध्ये ते नाही. समीक्षकाला मूळ लागतं ते याचसाठी.

कंपन्या स्वतः जेव्हा जुना गेम परत आणतात, तेव्हाही हेच होतं, फक्त किंमत लावून. २०२१ मध्ये रॉकस्टारने जीटीएच्या तीन जुन्या गेमची 'डेफिनिटिव्ह एडिशन' काढली. तोपर्यंत विकल्या जाणाऱ्या जुन्या आवृत्त्या दुकानातून उतरवल्या. नव्या 'सॅन अँड्रियास'मध्ये जुनं धुकं विरळ झालं आणि कळलं, की तो अवाढव्य वाटणारा प्रदेश मुळात किती छोटा होता! धुकं ही जुन्या यंत्राची मर्यादा होती, पण त्याच मर्यादेतून ते जग मोठं वाटायचं. लोक इतके चिडले की कंपनीला माफी मागावी लागली आणि जुन्या आवृत्त्या परत विक्रीला ठेवाव्या लागल्या. 'सुधारणा' करताना काय पुसलं जातं, याचा एवढा स्पष्ट धडा दुसरा नसेल.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ चा गेम नव्याने बनवण्याचं काम युबिसॉफ्टने पुणे आणि मुंबईच्या आपल्या स्टुडिओंना दिलं. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली. ट्रेलर बघून जगभरातल्या खेळाडूंनी चित्रांना नावं ठेवली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेलं. तेव्हा पुण्याच्या मुलांच्या क्षमतेवर शेरे मारणारे पुष्कळ होते. मला त्यात वेगळं काही दिसतं. जुना गेम नव्याने बनवणं ही जतनाची सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत अविश्वसनीय पद्धत आहे. ती यशस्वी झाली तरी हाती येतो तो नवा गेम. जुना गेम जुनाच राहतो, आणि त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते.

त्याच मालिकेचा पहिला गेम, १९८९ चा, बघा. जॉर्डन मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं, आणि एकेक चौकट हाताने उतरवून राजपुत्राच्या हालचाली बनवल्या. म्हणून तो राजपुत्र अडखळतो, धापा टाकल्यासारखा थांबतो, कठड्याला लोंबकळतो. आपल्याकडे लाखो मुलांनी जो राजपुत्र पळवला, ती एका खऱ्या मुलाची धाव आहे. या गेमचा मूळ कोड हरवला होता. २०१२ मध्ये मेक्नरच्या वडिलांना कपाटात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला. जाणकारांनी ॲपल टू मशीन जोडून त्या वाचल्या आणि मेक्नरने कोड सगळ्यांसाठी खुला केला. एक कपाट, एक वडील आणि वाचू शकणारी दोन माणसं. एवढ्यावर सगळं तरलं. व्यवस्था म्हणावी असं त्यात काही नव्हतं, नशीब होतं.

*

व्यवस्था असती तर कशी असती? त्यासाठी लांब जायला नको. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथे पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून चित्रपट गोळा केले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चं जे काही आपण आज बघू शकतो, ते त्यांच्यासारख्यांमुळे. नायर यांचा आग्रह होता की चांगलं-वाईट निवडत बसू नका, सगळं ठेवा. काय मोलाचं ते पुढच्यांना ठरवू द्या. तरीही मूकपटांचा फार मोठा भाग गेलाच. त्या माध्यमाचं मोल कळेपर्यंत पन्नास वर्षं गेली होती.

गेमच्या बाबतीत आपण आज त्याच पन्नास वर्षांत आहोत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं, की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे बाजारात मिळत नाहीत. ही त्या देशाची स्थिती, जिथे यावर अभ्यास तरी होतो.

आपल्या कायद्यात एक गंमत आहे, आणि साहित्याच्या वाचकांना ती आवडेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमची गणना 'साहित्यकृती'त केली आहे. म्हणजे क्रिकेट ०७ चा कोड कायद्याच्या लेखी कादंबरीच्या रांगेत बसतो. त्याला संरक्षणही साहित्यासारखं, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंतचं. पण कादंबरी छापली की १९५४ च्या कायद्याने तिच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात. कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक जाते, मुंबईतही एक येते. गेमसाठी असा नियम नाही. हक्क साहित्याचे, शेल्फ मात्र नाही. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप प्रत करायची मुभा कायदा देतो. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर हक्क मोडण्याच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा आहे. जतनासाठी कुलूप उघडणारा माणूस मग कुठे उभा राहतो? बहुतेक वेळा अंधारात, टोपणनावाने.

मागणी फार मोठी नाही. एखाद्या विद्यापीठाने, एखाद्या जुन्या ग्रंथालयाने एक खोली द्यावी. तिथे जुनी मशिनं, एक्सपीच्या डिस्का, एम्युलेटर आणि इथे बनलेल्या गेमच्या प्रती असाव्यात. मुंबईत १९९९ साली सुरू झालेल्या इंडियागेम्सने बटणांच्या फोनसाठी कितीतरी जावा गेम बनवले. आपल्या आधीच्या पिढीने एसटीत बसून जे खेळले त्यांत तेही होते. ते फोन भंगारात गेले, ज्या दुकानांतून गेम उतरायचे ती दुकानं बंद झाली. आज अँड्रॉइडवर जावा गेम उघडणारा एम्युलेटर आहे, पण उघडायला फाइल तर हवी! २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' काढला. आपल्या पुराणकथांतून आलेला, देखणा गेम. तो आज सहज मिळतो, म्हणूनच त्याची प्रत ठेवायची वेळ आज आहे. फाळके जिवंत होते तेव्हा त्यांची रिळं ठेवणं सोपं होतं.

*

तुम्ही हे फोनवर वाचत असाल. तुम्हाला वाटेल, हे सगळं सीडीवाल्यांचं दुखणं आहे. तर तुमच्या फोनकडे बघा. अँड्रॉइड १४ पासून फार जुन्या अँड्रॉइडसाठी लिहिलेली ॲप्स नव्याने इन्स्टॉलच होत नाहीत. तुमच्या पहिल्या फोनवरचा आवडता गेम फाइल जपून ठेवली तरी आत जाणार नाही. आणि सर्व्हरवर चालणाऱ्या गेमची तर फाइलही आपल्याकडे नसते. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा लाखो मुलांचा रोजचा अड्डा एका आदेशाने गेला. पुढे नव्या नावाने आला, मध्येच गेला, परत आला. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण २०१८ मध्ये तुम्ही मित्रांबरोबर ज्या मैदानात उतरला होतात ते मैदान तसंच्या तसं उघडणारी एकही कळ आज तुमच्या हातात नाही. आमच्याकडे निदान एक घरघरणारी हार्ड डिस्क तरी होती.

युरोपात यावर 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम उभी राहिली. युबिसॉफ्टने २०२४ मध्ये 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातात निरुपयोगी झाला, ते निमित्त. त्यांचं म्हणणं एवढंच, की सर्व्हर बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. इथे तसं काही का होत नाही? मला वाटतं, आपण अजून गेमला वेळ घालवण्याची वस्तू समजतो. जिच्याबद्दल आपल्याला थोडी लाज वाटते, ती वस्तू आपण जपत नाही.

*

उरला तिसरा थर, प्रयोग. तो खरं तर जपता येत नाही, असं मी आधी लिहिणार होते. लोडशेडिंगच्या आधीची शेवटची ओव्हर, यूपीएसचं केकाटणं, एका कीबोर्डवर चार हात, "आउट झाला की मला" हा करार. हे कुठल्या एम्युलेटरमध्ये येणार? ते फक्त लिहून ठेवता येतं, आणि ते काम आपलं, लिहिणाऱ्यांचं आहे.

पण दादाच्या फाइलने मला थोडं खोटं पाडलं.

एका मैत्रिणीकडे एक्सपीवाला जुना लॅपटॉप निघाला. बॅटरी मेलेली, चार्जर लावूनच चालणारा. त्याच्यावर दादाचं फोल्डर जसंच्या तसं टाकलं, सेव्ह फाइल जागेवर ठेवली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो घेऊन पवनानगरला गेले. धरणातलं पाणी उतरलेलं होतं. पाणी असं खाली गेलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक चालत जाऊन दर्शन घेतात. एरवी ते पाण्याखाली असतं. नाहीसं झालेलं नसतं, तिथपर्यंत जाता येत नाही एवढंच. जुन्या गेमचंही बरंचसं असंच आहे, फक्त आपल्यासाठी पाणी दर वर्षी आपोआप उतरत नाही.

गेम उघडला. दादाने संघ निवडला आणि यादी आली. इंग्रजी अक्षरांत, दादाच्या त्या वेळच्या स्पेलिंगमध्ये, कारण गेमला देवनागरी येत नव्हती. कीपर चौथ्या नंबरवर होता, टोपणनावाने लिहिलेला. त्या नावाने त्याला हाक मारणारी आता फार माणसं राहिली नाहीत.

मी यादी खालपर्यंत वाचली. मग पुन्हा वरून वाचली. गेली कित्येक वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते, की त्या टीममध्ये अकरावं नाव माझं होतं. दादाने मला घेतलं होतं. कॉलेजात हे सांगून मी भावही खाल्ला होता. यादीत माझं नाव नव्हतं.

"मी कुठाय?" मी विचारलं.

"तू कुठली?" दादा हसायला लागला. "तू वहीत स्कोर लिहायचीस. खेळायला कधी घेतलं तुला?"

मला ते आठवलं. वहीसुद्धा आठवली. आठवणीने मला टीममध्ये घेतलं होतं, फाइलने घेतलं नव्हतं. जुना गेम मूळ स्वरूपात ठेवायचा तो गोड आठवणींसाठी, असं आपल्याला वाटतं. आठवणींना त्याची गरज नाही, त्या आपलं आपण सजवून घेतात. मूळ लागतं ते त्या आठवणींना कुणीतरी 'थांब, असं नव्हतं' म्हणावं म्हणून. घरात मुलींना कीबोर्ड मिळायचा नाही, ही गोष्ट मी इतकी वर्षं विसरले होते. एका जुन्या सेव्ह फाइलने ती परत सांगितली.

दादाने एक ओव्हर खेळली. पहिल्या चार चेंडूंत काही नाही, पाचव्यावर चौका, सहाव्यावर आउट. त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"घे," म्हणाला, "आता कीपरची बॅटिंग आहे. सांभाळून खेळ."